कामगार बिनडोक की चूक साधी? ठरवण्याच्या दोन पद्धती

ऑक्टोबर उजाडला की गोव्यात पर्यटनाचा हंगाम सुरू होतो. भाड्याच्या गाड्या, गेस्ट हाउस, किनाऱ्यावरची शॅक म्हणजे झोपडीवजा हॉटेलं, सगळीकडे नवी माणसं लागतात. पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी घोळ घालतो आणि मालक म्हणतो, ‘डोकंच नाही याला!’ त्याला ठेवायचं की घालवायचं? बहुतेक मालक नुकसान किती झालं ते बघतात. काही थोडे जण त्या क्षणी त्याला काय ठाऊक होतं आणि स्वतःबद्दल किती खात्री होती, ते बघतात. वरवर फरक छोटा वाटतो, पण निकाल पार उलटा लागू शकतो.

उदाहरण डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरण्याचं घेऊ. गाडी पंपावर नेणारा ‘डिझेल’ म्हणायला विसरला, पंपावरच्या पोराने पेट्रोल सोडलं. दोन ड्रायव्हरांकडून हेच झालं असं धरू. पहिल्याच्या हे पावती बघताना लक्षात आलं, चावी फिरवायच्या आधी. गाडी ढकलत बाजूला घेतली, टाकी उपसली, फिल्टर बदलला की बहुधा भागतं. दुसरा पावती खिशात कोंबून म्हापशाहून पणजीकडे निघाला. पर्वरीच्या चढावर गाडी गचके द्यायला लागली, तरी याचा पाय ॲक्सिलरेटरवरच. डिझेल गाडीतल्या उच्चदाबाच्या इंधन-पंपाच्या भागांना वंगणही देतं. पेट्रोल ते देत नाही. धातूवर धातू घासतो, त्याचा कीस इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो आणि हजारांत मिटणारं प्रकरण लाखावर जाऊ शकतं.

मूळ चूक दोघांची एकच: ‘डिझेल’ म्हटलं नाही. नुकसान बघणारा मालक पहिल्याला दोन शिव्या देऊन सोडतो, दुसऱ्याला घरी पाठवतो. या पद्धतीत वाद नाही, गॅरेजचं बिल हाच पुरावा, निकाल पाच मिनिटांत. पण निकाल कळल्यावर ‘हे तर दिसतच होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली प्रयोगांतून हे दाखवलं. ली रॉस यांनी 1977 मध्ये दुसऱ्या खोडीला नाव दिलं: दुसऱ्याची वागणूक आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो, परिस्थिती विसरतो. आपण चुकलो तर पंपावर गर्दी होती. तो चुकला तर अक्कल नाही.

दुसऱ्या पद्धतीला तासभर द्यावा लागतो. त्याच दिवशी, बिलाचा आकडा सांगायच्या आधी विचारावं: ‘तेव्हा तुला काय वाटलं होतं?’ ‘का केलंस?’ विचारलं की माणूस सबबी शोधतो. मग तेवढ्याच अनुभवाच्या दोघातिघांना, झालेला प्रकार न सांगता, तीच गाडी आणि तेच काम द्यावं. तेही तिथेच अडखळले तर दोष इंधनाच्या झाकणावर ‘डिझेल’ असा स्टिकर नसण्याचा आहे. स्टिकर झाकणाच्या आतल्या बाजूला, ठळक रंगात आणि त्या ड्रायव्हरला वाचता येणाऱ्या लिपीत हवा. नुसत्या इंग्रजी अक्षरांनी हंगामी माणसांचं काम भागत नाही. या पद्धतीची कच्ची बाजूही आहे: बोलघेवडा सुटतो, अबोल अडकतो. म्हणून उत्तरापेक्षा त्याने काय केलं याकडे जास्त बघावं. गचके बसल्यावर गाडी थांबवली का, हा प्रश्न त्यासाठीच.

लोक नेमकं कशाला मूर्खपणा म्हणतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलं. तीन प्रकार निघाले: येत नसताना छातीठोकपणे करणं, मनावर ताबा नसणं आणि बेसावधपणा. पहिल्याला लोकांनी सर्वांत मूर्खपणाचं ठरवलं. मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारा पाहुणा या जातीचा. गाडी उंच आहे म्हणून चारही चाकं ओढणारी असेल, असं तो धरून चालतो. त्यातल्या बऱ्याच नुसत्या पुढच्या चाकांवर चालतात. वाळूत चाक फिरतं, खड्डा करतं, गाडी पोटावर बसते. भरती काही तासांत येतेच. ओल्या वाळूवर गाडी नेऊ नका म्हणून सांगणारा माणूस बाजूलाच असतो, त्याचं ऐकलं जात नाही.

बेसावधपणा मात्र स्वस्तात सुटतो. पाण्याचा पंप बंद करायला विसरून गच्चीवरची टाकी ओसंडते, तिथे पोराला ओरडण्यापेक्षा टाकीत फ्लोट स्विच बसवावा. पाणी वर आलं की पंप आपोआप बंद. दारू, झोप किंवा मोबाइल यांपायी ताबा सुटणाऱ्याला गाडीवरून काढून दुसरं काम द्यावं, तिथेही तेच झालं तर रजा. आणि छातीठोक? एकदा समजावून, करून दाखवूनही जो ‘मला माहीत आहे’ म्हणत तेच करतो, त्याला हंगामाची वाट न बघता मोकळं करावं, नुकसान शून्य असलं तरी.

नुकसान बघणाऱ्या पद्धतीला हा ‘शून्य’ दिसतच नाही. बाथरूम धुताना कुणी टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, तो विषारी असतो. खिडकी उघडी होती म्हणून खोकल्यावर निभावलं, तर कुणी विचारतही नाही. इथे त्याच दिवशी विचारायला हवं: ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून केलं? ठाऊक नसेल तर दोन्ही डबे वेगळ्या कपाटांत ठेवून कारण सांगावं आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यावं. ठाऊक असून केलं असेल, तर ॲसिडच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती राहता कामा नये.