२ बाय ७२ बेल्ट ग्राइंडर: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

घरी सुऱ्या बनवायचा नाद लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर किती एचपीची? माझं म्हणणं, एचपीचं नंतर बघा, आधी वेग किती खाली येतो ते विचारा. गेल्या दिवाळीत घेतलेलं हे मशीन आता पावसाळा सरत येईपर्यंत वापरलंय. भाजीच्या सुऱ्या, मासे कापायच्या सुऱ्या, मित्रांनी सांगून करून घेतलेले जाड पात्याचे सुरे, सगळं त्याच्यावर झालं. त्यातून बनलेलं हे मत आहे.

आधी मशीनबद्दल. पोलाद घासणारा खरखरीत पट्टा ५० मिमी रुंद आणि १८३० मिमी लांब, म्हणजे तोच २ बाय ७२ इंच. २ एचपीची थ्री-फेज मोटर, १०० मिमी व्यासाचं ड्राइव्ह व्हील, विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी नावाचा डबा. एका छोट्या वर्कशॉपने बनवलेलं आहे. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. सगळं मिळून ४५ हजारांच्या आसपास पडलं, ट्रान्सपोर्ट वेगळा. ठेवलंय दहिसर गावठाणातल्या आमच्या बैठ्या घराच्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली.

पहिली तक्रार पहिल्याच दिवशीची. घरात सिंगल फेज असली तरी अडत नाही, व्हीएफडी २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देतो. पण आपल्याकडे या साइजच्या मोटर बहुतेक ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (आतली वेटोळी जोडायची एक पद्धत) जोडून येतात. २३० च्या व्हीएफडीवर ती डेल्टा या दुसऱ्या पद्धतीने जोडायला हवी. विकणाऱ्याने ती तशीच स्टारमध्ये पाठवली होती, त्यामुळे पातं जरा दाबलं की मोटर बसायची. फोन केला तर म्हणे, ‘साहेब, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल.’ शेवटी ओळखीच्या वायरमनने टर्मिनल बॉक्स उघडून आडव्या पितळी पट्ट्या उभ्या केल्या आणि मशीन व्यवस्थित चालू लागलं. पाच मिनिटांचं काम. घेताना एवढं लेखी विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. ५० हर्ट्झवर मोटर मिनिटाला साधारण २८८० फेरे मारते, म्हणजे पट्टा सेकंदाला १५ मीटरच्या घरात पळतो. कडक करण्याआधीच्या नरम पट्टीवरून नुसतं पोलाद उडवायचं असेल तेव्हा हा वेग झकास. ३६ किंवा ६० ग्रिटचा (आकडा लहान तितका पट्टा भरड) सिरॅमिक पट्टा लावा, दाबून धरा, ठिणग्यांचा झोत खाली बादलीत जाऊ द्या. सिरॅमिक पट्ट्याला दाब आणि वेग दोन्ही लागतात. हळू आणि हलक्या हाताने चालवला तर तो गुळगुळीत होऊन बसतो आणि कापत नाही.

पण माझं निम्म्याहून जास्त काम पाणी दिल्यानंतरचं, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक केल्यानंतरचं असतं. गावठाणात पत्र्याखाली गॅसची भट्टी पेटवायची माझी छाती नाही, त्यामुळे पाती वसईच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जातात. तो मुळात डाय-पंचचं काम करतो, आपल्या चार पट्ट्या त्याच्या लॉटमध्ये टाकून देतो. पातळ धार घेऊन पाठवली तर पातं तेलात बुडताना वाकतं, म्हणून धारेला जवळजवळ १ मिमी जाडी ठेवूनच पाठवायचं आणि खरा उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, परत आल्यावर काढायचा. माझं ८०सीआरव्ही२ जातीचं पोलाद तिथून २०० अंशांच्या आसपास टेम्पर होऊन, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा तापवून येतं. त्यानंतर ग्राइंडरवर धार त्याहून जास्त तापली की पाणी उतरलंच समजा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा, असे रंग चढतात. टोकाला तर सेकंदाचाही अवधी मिळत नाही, कारण तिथे उष्णता पसरायला धातूच नसतो.

इथे व्हीएफडीचं मोल कळतं. मी १५ ते २० हर्ट्झवर येतो, नवा पट्टा चढवतो, हातमोजे घालत नाही. अंगठा पात्याच्या पाठीवर, बोटं धारेच्या जरा वर. प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात बुडवायचं आणि ओलंच परत पट्ट्यावर न्यायचं. धारेवरचे थेंब बघत राहायचं: ते नुसते सरकतायत तोवर चालू द्या, कडेचा थेंब आक्रसून सुकायला लागला की उचला. एकाच वेगाच्या जुन्या ग्राइंडरवर हे थेंब बघायला वेळच मिळायचा नाही.

मुठीलाही तेच. शिसवीवर पूर्ण वेगाने १२० चा पट्टा टेकवला तर काळा डाग पडतो, तो काढता काढता मुठीचा आकार जातो. त्याहून वाईट म्हणजे पितळी पिन. ती लाकडाच्या आधी तापते आणि आजूबाजूचं अराल्डाइट नरम करते. वरून काही दिसत नाही, काही महिन्यांनी मूठ हलायला लागते. १२ हर्ट्झवर हा प्रश्न येत नाही. शिसवीची धूळ मात्र कुठल्याही वेगाला वाईट, नाका-डोळ्यांची आग होते. चांगला फिल्टरवाला मास्क नसेल तर लाकडाला पट्टा लावूच नका. आणि लाकडाची धूळ खाली साठलेली असताना पोलाद घासायला घेऊ नका, एक ठिणगी पुरते.

शेजारधर्माचाही हिशेब आहे. भिंतीपलीकडच्या काकू सुरुवातीला दुपारी हाक मारायच्या, ‘अरे, ते विमान उतरव रे जरा, ह्यांचा आत्ता डोळा लागलाय.’ आता भरड काम सकाळी उरकतो, दुपारी २ ते ४ मशीन बंद, संध्याकाळी फक्त हळू वेगाचं. काकूंना भाजीची सुरी करून दिली हेही कामी आलं, नाकारत नाही.

हळू वेगाला एक खोट आहे, ती कोणी सांगत नाही. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे मोटर हळू तर पंखाही हळू. १५ हर्ट्झवर अर्धा तास सलग चालवली की हात ठेववत नाही. मधेमधे थांबतो. मे महिन्यात जरा जास्तच.

मशीनच्या बांधणीबद्दल: फ्रेम दणकट, ट्रॅकिंगचा नॉब एकदा बसवला की पट्टा जागचा हलत नाही. प्लॅटन, म्हणजे पट्ट्यामागची सपाट पाटी, मात्र कामचलाऊ निघालं. साध्या लोखंडाचं असल्याने उन्हाळ्यापर्यंत मधोमध झिजून खोलगट झालं. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं की मधून फट दिसायची आणि सपाट म्हणून काढलेला उतार किंचित फुगीर यायचा. उपाय म्हणून इंडक्शन शेगडीच्या वरच्या काचेच्या जातीची सिरॅमिक काच टाइलवाल्याकडून डायमंड चाकावर कापून घेतली आणि प्लॅटनवर चिकटवली. खाली एक छोटा टेकू दिलाय, म्हणजे पट्ट्याच्या ओढीने काच सरकू नये. तेव्हापासून झीज दिसत नाही आणि पट्टाही गार राहतो. ही काच मशीनबरोबरच यायला हवी होती.

दुसरी गोम व्हीएफडीची. त्याला हवेसाठी जाळ्या आहेत आणि तो मोटरच्या शेजारीच बसवलेला. लोखंडाचा बारीक चूर आत गेला की सर्किट जळणार. मी तो तिथून काढून भिंतीवर, झाकणाच्या डब्यात लावला. घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून उडत असेल तर मशीनमध्येच बिघाड आहे असं धरून चालू नका. व्हीएफडीतून थोडा करंट अर्थिंगकडे जातोच, त्याने तो उडू शकतो. अर्थिंग चोख आणि १६ ॲम्पियरचा वेगळा पॉइंट, दोन्ही हवंच.

पावसाळ्याने बाकी सगळ्यांची परीक्षा घेतली. जुलैत घासून ठेवलेलं ईएन३१ जातीच्या पोलादाचं पातं सकाळी नारिंगी. त्यात साधारण १ टक्का कार्बन आणि दीडेक टक्का क्रोमियम, एवढ्या क्रोमियमने गंज थांबत नाही. आता काम संपलं की केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन लावून ठेवतो. खोबरेल लावू नका, खवट होतं. पट्ट्यांचे सांधे दमट हवेत सुटतात, साठा करून उपयोग नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मापाचा पट्टा जोडून मिळतो. पण एकावर एक चढवलेला सांधा असेल तर बारीक ग्रिटला पात्यावर टकटक खुणा उमटतात, तेव्हा सांधा बोटाने चाचपून घ्या.

गोराईच्या एका मावशींनी सुरी घेताना अट घातली होती, ‘सुरमईच्या काट्यावर टिकणार असेल तर दे, नायतर पापलेटाला माझी जुनी बरी आहे.’ दर बाजूला १२ अंशांची धार काट्यावर बारीक तुटली, १८ अंशांची टिकली. ती बदलायला ४०० चा पट्टा, सगळ्यात कमी वेग आणि चहा होईपर्यंतचा वेळ एवढंच लागलं. असल्या कामाला हे मशीन खरंच सोन्यासारखं आहे.

कुर्ल्याच्या भंगारातले ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घेऊन सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगणं: आतली न दिसणारी चीर पाणी दिल्यावर उघडी पडते, तोवर पट्टे आणि वेळ दोन्ही गेलेले असतात. आणि कोणी ‘भाऊ, मोठा सुरा करून दे’ म्हणालं तर नियम आठवा. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेलं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. मी अशी ऑर्डर घेत नाही.

वर्षाला दोन-तीनच सुऱ्या करणार असाल तर कानस आणि पॉलिश पेपर पुरेत. हे मशीन घ्यायचंच असेल तर १.५ एचपीची मोटर घेऊन वाचलेले पैसे चांगल्या बंद डब्याच्या व्हीएफडीत घाला. स्मॉल व्हीलचा जोड मी अजून मागवलेला नाही, मुठीच्या बोटांच्या खाचा गोल कानशीने निघतायत तोवर तो थांबू शकतो.