आजोबांचं घर: कब्जा सांगायचा, वाटणीचा दावा लावायचा की हक्कसोड घ्यायचं?

बारा वर्षं कब्जा झाला की घर आपलं, असं आमच्याकडे कळव्यात कोणीही सांगतं आणि मी पण तेच धरून बसलो होतो. गावठाणातलं बैठं घर, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच, राहतो आम्हीच, एक आत्या ऐरोलीला, एक डोंबिवलीला. आता बिल्डर विचारतोय म्हणून कागद क्लिअर करायचेत. तुमचं पण असंच अडलं असेल तर वाचा.

अ‍ॅडव्हर्स पझेशनला, म्हणजे मालकाच्या विरोधात उघड कब्जा ठेवून मालकी सांगायला, 1963 च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे खाजगी जागेसाठी 12 वर्षं लागतात, सरकारी जागेला 30. 2019 ला सुप्रीम कोर्टाने रविंदर कौर ग्रेवाल केसमध्ये सांगितलं की कब्जेदार त्यावर स्वतः दावा पण लावू शकतो, फक्त बचावातच सांगायचं असं नाही. हे ऐकून मी खूष झालो होतो, पण परक्याची जागा वेगळी आणि भावंडांची वेगळी. एक हिस्सेदार राहतो तो सगळ्यांच्या वतीने राहतो असंच कोर्ट धरतं, त्यामुळे तुझा इथे हक्क नाही असं आत्याला उघड सांगितलं, तिला ते कळलं आणि त्यानंतर 12 वर्षं गेली हे सगळं तारखेसकट सिद्ध करावं लागतं.

मी घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिलं सगळी फाइल घेऊन वकिलांकडे गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, आत्या शेवटची कधी आली? म्हटलं गौरीला, दरवर्षी येते, मधल्या खोलीत तिची ट्रंक आहे आणि चावी तिच्याकडेच असते. ते म्हणाले मग कब्जाचं विसरा. पावत्यांवरून पैसे कोणी भरले एवढंच कळतं. शिवाय घर आजोबांकडून वारसाने आलं असं पण म्हणायचं आणि मी ते आत्यांच्या विरोधात धरलं असं पण म्हणायचं, हे एका दाव्यात टिकत नाही. एखाद्या भावाला तुझा हक्क नाही असं खरंच लेखी कळवून बाहेर ठेवलंय आणि तो पुढे फिरकलाच नाही, तिथे हा मुद्दा लढवता येईल, आमच्याकडे तसं काही नाही आणि नसलेलं भांडण कागदावर आणायची मला लाज वाटली.

वाटणीच्या दाव्यात मुलींचा हिस्सा मुलांइतकाच, घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने, आणि आजोबांनी स्वतः घेतलेलं असून मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या मूळ कायद्याने. आधी प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा), मग अंतिम (प्रत्यक्ष वाटप), यात वर्षं जातात आणि दोन खोल्यांचे तुकडे पडत नाहीत म्हणून शेवटी विकून पैसे वाटायची वेळ येऊ शकते. घराच्या डागडुजीचा खर्च मात्र हिशोबात मागता येतो. बोलणंच बंद झालं असेल तर हाच रस्ता.

हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा लेखी दस्त, सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारं, पण दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालंच पाहिजे, साध्या स्टँपपेपरवर सही घेऊन ठेवू नका. आणि ते समोरच्याने राजीखुशीने द्यायचं असतं, सण बघून गळ घालू नका.

आत्या लोकांना पण सांगतो, कोणी तोंडावर हक्क नाकारला तर तेव्हाच वकिलाकडे जा, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून बाहेर ठेवलंय हे कळल्यापासून दावा लावायची 12 वर्षं मोजतात.

आमच्याकडे मोठी आत्या सही द्यायला तयार आहे. धाकटीने हिश्श्याचे पैसे मागितलेत, ते तिचेच आहेत, रक्कम बिल्डरचं नक्की झालं की तिच्यासमोर बसून ठरवणार.