बालहक्कांचा पीजी डिप्लोमा : एक अख्खा गळीत हंगाम वापरल्यावर

सांगली कोर्टात बाररूममध्ये चहा घेताना हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, "तो बालहक्कांचा ऑनलाइन डिप्लोमा केलात ना तुम्ही? करावा का?" कोर्स संपून बरेच महिने झाले, मध्ये कारखान्यांचा एक हंगामही जाऊन आला, म्हणून आता सविस्तर लिहिते. पुढे तक्रारी आहेत, त्यामुळे संस्थेचं नाव घेत नाही. दोन ओळींत उत्तर हवं असेल तर हे: हातात मुलांची कामं असतील तर डोळे झाकून करा. नेमणुकीच्या आशेने करणार असाल तर पैसे वाचवा. बाल कल्याण समितीवर (काळजीची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीवर) जायचं तर बाल न्याय कायद्याचं कलम २७ तुमची पदवी आणि मुलांसोबतचं काम बघतं. या डिप्लोम्याचं नाव त्यात कुठेही नाही.

रचना नेहमीचीच. वर्षभराचा कोर्स, शनिवार-रविवारी संध्याकाळी थेट तास, चुकला तर रेकॉर्डिंग, प्रत्येक विषयाला एक लेखी काम आणि शेवटी प्रबंध. सगळं इंग्रजीत.

सुरुवातीचे तास इतिहासाचे. 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेच्या संस्थापक एग्लंटाइन जेब, बालहक्कांची १९२४ ची जिनिव्हा घोषणा, मग २० नोव्हेंबर १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, त्यातली ५४ कलमं, ११ डिसेंबर १९९२ ला भारताचा होकार. ऐकायला बरं वाटतं, वकिलाच्या हाताला फारसं लागत नाही. एका ठिकाणी मात्र मी दचकले. कराराला होकार देताना आपण बालमजुरीच्या कलम ३२ ला एक निवेदन जोडलंय : किमान वयाच्या अटी टप्प्याटप्प्याने लागू करू. तास संपला आणि डोळ्यांसमोर वाळव्याकडचे उसाचे फड आले. तिथे दहा वर्षांचं पोर मोळ्या बांधू लागतं आणि त्याला कुणी मजूर म्हणत नाही, कारण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आईबापाच्या कोयत्यावर घेतलेली असते.

खरा पैसा वसूल झाला तो 'सर्वोत्तम हित' या विषयात. आपल्याकडे प्रत्येक अर्जात आणि प्रत्येक आदेशात 'बालकाच्या सर्वोत्तम हितासाठी' ही ओळ असतेच. रबरी शिक्का असल्यासारखी. त्या ओळीखाली काय तपासायचं हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं, लॉ कॉलेजात तर नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१३ साली सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक १४ काढली, त्यात हे फोडून सांगितलंय. मुलाचं म्हणणं, त्याची ओळख, कुटुंब आणि नाती, काळजी व सुरक्षितता, त्याची असुरक्षित परिस्थिती, आरोग्य आणि शिक्षण या सात गोष्टी बघायच्या. शिवाय कशाला किती वजन दिलं आणि का, ते आदेशात लिहायचं. आमच्या शिक्षकांनी एकेका काल्पनिक मुलावर हे सात मथळे चालवून घेतले, तेही कंटाळा येईपर्यंत. तेव्हा मी वैतागले होते.

हंगामात त्याचा उपयोग कळला. (बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून तपशील बदललेत.) बीडकडच्या एका ऊसतोड टोळीतली पंधराच्या आतबाहेरची मुलगी. दुसऱ्या टोळीतल्या मुलाशी लग्न ठरलेलं. नवराबायको मिळून एक कोयता होतो आणि कोयत्यावर उचल मिळते, हे गणित इथे सगळ्यांना पाठ आहे. कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि मुलगी बाल कल्याण समितीपुढे आली. लग्न व्हायच्या बेतात असलेलं अल्पवयीन मूल कायद्यानेच 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं, तिथे वाद नव्हता. वयाचाही नव्हता, शाळेचा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि मूळ प्रत मागवली. पुढचं पाऊल सगळ्यांनी गृहीत धरलेलं : मुलगी बाहेरच्या जिल्ह्यातली, मुलाला त्याच्या राहत्या ठिकाणी पाठवायचं कलम ९५ आहे, बीडला पाठवा. फाईल मोकळी.

मी सात मथळे कागदावर लिहून घेतले आणि पहिल्यालाच अडखळले, कारण मुलीला काय हवंय हे फाईलमध्ये कुठेच नव्हतं. तिच्याशी बोलायला बाहेरच्या बाकावर बसले. बराच वेळ ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "शाळेत जायचंय बाई. पण बारक्याला कोण बघंल?" बारक्या म्हणजे दोन वर्षांचा भाऊ. आई फडात उतरली की दिवसभर तो हिच्या कडेवर. ही गेली तर तो ट्रॅक्टरच्या चाकाशी खेळणार. 'कुटुंब' या मथळ्याखाली गावाकडे फोन लावला, तर घराला कुलूप. आईबाप इथे फडावरच्या कोपीत (झोपडीत), आजी दुसऱ्या लेकीकडे. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्या घरात माणूस नव्हतं. म्हणजे आपण मुलीला कुलपाकडे पाठवत होतो.

हे सगळं मथळ्यांसकट अर्जात मांडलं. समितीच्या अध्यक्ष म्हणाल्या, "वकीलबाई, प्रबंध लिहून आणलात की!" पण वाचला, आणि आदेशात कारणंही आली. सामाजिक तपासणी अहवाल येईपर्यंत मुलगी जिल्ह्यातल्याच बालगृहात राहिली. तिला गावी पाठवलं ते आजी घरी परतल्यावर, शाळेशी आणि गावातल्या हंगामी वसतिगृहाशी बोलून. बारक्यासाठी जवळची अंगणवाडी सुचवली होती. पण तोड पहाटे सुरू होते आणि अंगणवाडी त्यानंतर कितीतरी वेळाने उघडते, त्यामुळे तेवढं काम अर्धवटच राहिलं. ते कुठल्या डिप्लोम्याने सुटणारंही नाही.

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) साक्षींचा भागही चांगला होता. कलम ३३ प्रमाणे मुलाला प्रश्न वकिलाने थेट विचारायचे नसतात, न्यायाधीशांमार्फत जायला हवेत. हे आपण सगळे जाणतो आणि उलटतपासणीच्या जोशात विसरतो. त्याचा सराव घेतला, तोही एकाला मूल बनवून. मूल बनलेल्या त्या सहकाऱ्याची पाच मिनिटांत झालेली अवस्था बघण्यासारखी होती.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की भारतीय कायद्याच्या नोट्स शिळ्या आहेत. दत्तकाचा आदेश न्यायालय देतं असंच त्यात छापलंय. प्रत्यक्षात २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो लागूही झाला. पोक्सोचे नियम जुनेच, २०२० चे नवे नियम आलेत याचा पत्ता नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी कलमांचे आकडे पूर्वीचेच. वकील असाल तर हे लक्षात येईल. समुपदेशक किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिका असाल तर तुम्ही तेच पाठ करून बसाल, आणि ते धोक्याचं आहे. ईमेल केले, "दखल घेतली आहे" असं उत्तर आलं, नोट्स तशाच राहिल्या. लेखी कामांवरचे शेरे उशिरा येतात, आणि माझ्या व दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या शेऱ्यात स्वल्पविरामाचाही फरक नव्हता.

इंग्रजीचं म्हणाल तर मला अडलं नाही. पण या कोर्सची खरी गरज ज्यांना आहे ते ग्रामसेवक, पोलीस ठाण्यातले बालकल्याण अधिकारी आणि बालगृहांच्या अधीक्षिका पहिल्याच आठवड्यात गळतील. आमच्या तुकडीत जतकडची एक समाजसेविका होती. फडावरचं तिला माझ्या दसपट कळत होतं, पण तिने दिवाळीआधीच सोडलं.

घ्यायचाच असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आत प्रबंधाचा विषय ठरवा, म्हणजे माहिती गोळा करायला लोक इथेच सापडतील. तास मोबाइलवर चालतात, परीक्षा चालत नाही, लॅपटॉप लागतोच. आणि निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत ऑनलाइन ग्रंथालयाचं लॉगिन बंद होतं, त्याची आगाऊ सूचनाही देत नाहीत. लागणारे निवाडे आणि टिप्पण्या त्याआधीच उतरवून ठेवा.