बायोस अपडेट: विंडोजमधून की पेनड्राइव्हवरून?

खानापूर तालुक्यात पावसाळा लागला की वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून घरच्या डेस्कटॉपचं बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डच्या चिपवरचं सॉफ्टवेअर, अपडेट करण्याआधी मी दोन्ही रस्ते नीट पाहिले.

विंडोजमधून बायोस बदलणं सोपं: कंपनीचं सॉफ्टवेअर उघडायचं, बटण दाबायचं. पण मागे अँटिव्हायरस, ब्राउझर, बरंच काही चालू असतं. मधेच विंडोज अडकलं तर चिपवर अर्धवट लिहिलेलं राहतं आणि मशीन सुरूच होत नाही.

पेनड्राइव्हचा मार्ग खटपटीचा. मदरबोर्डचं अचूक मॉडेल, रिव्हिजन (आवृत्ती) सुद्धा, बघून उत्पादकाच्याच साइटवरून फाइल घ्यायची, फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकायची आणि बायोसमध्ये शिरून तिथूनच चढवायची. डेस्कटॉपला मला हाच पटतो. लॅपटॉपला कंपनीचं सॉफ्टवेअर चालेल, फक्त बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा.

वीज गेली तर मात्र दोन्ही सारखेच धोक्याचे. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज बदलताना तो क्षणभर थांबतो, तेवढ्यात पीसी बंद पडू शकतो. यूपीएसच हवा. नसेल तर मशीन बेळगावला यूपीएस असलेल्या ओळखीच्या दुकानात न्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, आणि रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, कागदावर लिहून ठेवा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर जाण्यासाठी बायोस बदलत असाल, तर ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं, अनेक बोर्डांवर ते असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. ते आधी तपासा, कदाचित बायोस बदलायची गरजच पडणार नाही.