बंद दिव्यातले पोचे, बाहेरचे चुंबक: पितळी मोटार-दिव्यांवर वापरलेल्या संचाचा अनुभव

पितळी वाद्यांच्या नळ्यांना पडलेले पोचे काढण्यासाठी पोलादी गोळे आणि जबर ताकदीचे निओडिमियम चुंबक असा एक संच मिळतो. मी तो गेल्या हिवाळ्यात मागवला, पण वाद्यांसाठी नव्हे, तर जुन्या मोटारींच्या पितळी दिव्यांसाठी. गिरगावातल्या तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत मुख्यतः 1915 च्या आधीच्या गाड्यांचे, म्हणजे रॉकेलवर जळणारे बाजूचे दिवे आणि ॲसिटिलीनचे पुढचे मोठे दिवे, दुरुस्तीला येतात. एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा त्यांच्यावर हा संच चालवून पाहिल्यावर तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, हे आता खात्रीने सांगता येईल.

पितळाला चुंबक धरत नाही आणि पोलादाला धरते, एवढ्यावरच या युक्तीची सारी मदार आहे. पोच्याच्या आकाराला जुळणारा गुळगुळीत गोळा दिव्याच्या आत सोडायचा, बाहेरून मुठीचे चुंबक टेकवायचे आणि ते हळूहळू फिरवायचे. आतला गोळा पत्र्याला दाबत चुंबकामागे फिरतो आणि आत गेलेला पत्रा थोडा थोडा बाहेर येतो. यात हातोडा कुठेच नसतो. हातोडा आणि ऐरण यांच्यामध्ये सापडलेला पत्रा प्रत्येक ठोक्यासरशी पातळ होऊन पसरतो, पसरलेल्या पत्र्याला मूळ जागा पुरत नाही, आणि मग पोचा निघाला तरी तेवढा भाग बोटाने दाबल्यावर टकटक वाजत आत-बाहेर होत राहतो. बाविस-चोवीस गेजच्या, म्हणजे सुमारे 0.7 ते 0.55 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर हा दोष चटकन येतो आणि एकदा आला की सहजासहजी जात नाही.

तरीही माझ्या मते या संचाची खरी किंमत हातोडा वाचतो यात नसून दिवा उघडावा लागत नाही यात आहे. हे दिवे लेथवर फिरवून किंवा प्रेसमध्ये दाबून घडवलेल्या अनेक तुकड्यांचे असतात आणि ते तुकडे कथील-शिशाच्या डागाने जोडलेले असतात. हा डाग साधारण 183 अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. धुराड्याच्या आत हात जावा म्हणून एक सांधा सोडवायला जावे, तर शेजारचे दोन आपोआप सुटतात, कडा वाकतात आणि परत जोडताना दाराची बिजागरी आणि काचेची चौकट एका रेषेत येत नाहीत. लुकास किंवा पॉवेल अँड हॅनमर या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या दिव्यांवर नावाची पट्टी असते, आणि ती उष्णतेने हलली की मालकाची कुरबुर सुरू होते, जी रास्तच आहे. पोच्यांपेक्षा पोचे काढण्यासाठी केलेल्या उघडाउघडीनेच अधिक दिवे बिघडलेले मी पाहिले आहेत.

सर्वांत चांगला अनुभव बाजूच्या दिव्यांच्या धुराड्यांवर आणि गळ्यांवर आला. त्यांचा व्यास वाद्याच्या नळीच्या जवळपास असल्यामुळे गोळे नेमके बसतात, आणि पसरट, कडा न मोडलेला पोचा पाहता पाहता वर येतो. रॉकेलच्या टाकीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तिचे तोंड अरुंद असल्याने आत जाईल एवढा लहान गोळाच घ्यावा लागतो, आणि लहान गोळा मोठ्या गोलाईच्या पत्र्यावर नांगरल्यासारख्या रेघा उठवतो. त्यावर उपाय म्हणजे पोचा जवळजवळ वर आला की थांबायचे आणि उरलेला भाग बाहेरून सपाट घोटणीने हलक्या हाताने घोटून घ्यायचा. एरवी ज्या टाकीला बूड कापल्याशिवाय हात लावता आला नसता, तिच्यासाठी एवढी तडजोड मला मान्य आहे. काम सुरू करण्याआधी टाकी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने आतून स्वच्छ करावी. आतली काजळी आणि कचरा गोळ्याखाली सापडला तर तोच पत्र्यावर उमटतो, आणि रॉकेलचा अंश राहिलेल्या टाकीजवळ ज्योत नेणे तर धोक्याचेच आहे.

पुढच्या मोठ्या दिव्यांच्या पिंपासारख्या अंगावर मात्र चुंबकाचा जोर अपुरा पडतो. तिथे दार उघडून आत हात जातोच, तेव्हा मी सरळ वाळूच्या पिशवीवर दिवा टेकवून घोटणीनेच काम करतो. दिव्यात मागे काचेचा आरसा असेल, तर चुंबक जवळ आणण्यापूर्वी तो काढून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण सुटलेला गोळा ज्या वेगाने झेपावतो त्यापुढे शंभर वर्षांची काच टिकणार नाही. लोखंडी तारा, रिव्हेटा आणि पत्र्याचे बर्नरही चुंबक ओढून घेते. बोटे सांभाळावीत, हे वेगळे सांगायला नको.

धारदार चुणी हे या संचाचे काम नव्हे. पत्रा जिथे घडीसारखा मोडलेला असतो तिथे पितळ ठोक्याने कडक झालेले असते, आणि त्यावर गोळा कितीही फिरवला तरी चुणीच्या दोन्ही बाजू उचलल्या जातात, चूण तशीच राहते. ती आधी तापवून मऊ करावी लागते. त्यासाठी साडेचारशे अंशांच्या वर, अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लाली दिसेल इतपत उष्णता लागते, म्हणजे डागाच्या वितळबिंदूच्या दुपटीहून अधिक. सांध्यावर ओले फडके गुंडाळून, ज्योत बारीक ठेवून हे साधते. पण चूण सांध्यालगतच असेल तर तिला हात न लावता थोडी तशीच ठेवणे मी पसंत करतो. तापवलेला भाग पूर्ण थंड झाल्याखेरीज चुंबक टेकवू नये. साधारण प्रतीचे निओडिमियम ऐंशी अंशांच्या पुढे आपली ताकद कायमची गमावू लागते, आणि संचातील सर्वांत महाग वस्तू तीच आहे.

पावसाळ्यात या संचाची दुसरी बाजू दिसली. गोळे साध्या कार्बन पोलादाचे आहेत, आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेत उघड्या ठेवलेल्या पोलादावर गंज चढायला फार वेळ लागत नाही. गोळ्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी तो प्रत्येक फेरीत पितळावर उमटतो. आता काम संपले की गोळे ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळून ठेवतो आणि वापरण्याआधी बारीक पॉलिश पेपर व बफ यांवर एकदा फिरवून घेतो. गंज न धरणाऱ्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या नागदेवी स्ट्रीटला सुट्या मिळतात, पण घेताना चुंबक टेकवून पाहावे, कारण स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत. चुंबकाच्या तोंडाखाली संचाबरोबर आलेली प्लास्टिकची चकती लवकर चरते. तिच्याऐवजी मी पातळ चामडे वापरतो आणि ते रोज झटकतो.

एक इशारा मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हता. न तापवता वर आणलेल्या पोच्याच्या जागी पितळात ताण दडून राहतो, आणि अशा पितळाला अमोनिया लागला तर ते महिन्यांनीसुद्धा तडकू शकते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या तबेल्यांमध्ये पावसाळ्यात ठेवलेली पितळी काडतुसे अशीच तडकत, आणि जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण 1921 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी स्पष्ट केले. ताण घालवण्यासाठी पितळ सुमारे अडीचशे अंशांवर तासभर ठेवावे लागते, पण जोडलेल्या दिव्याचे डाग तोवर कधीच वितळून गेलेले असतात. म्हणून चुंबकाने दुरुस्त केलेला दिवा परत देताना अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये, चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासून लगेच कोरडा करावा, असे मी मालकाला लिहूनच देतो.

वर्षातून एखादाच दिवा हाताळणाऱ्याला पूर्ण संच परवडणार नाही. त्याने एक चांगले चुंबक, तीन-चार आकारांचे गोळे आणि एक घोटणी सुटी घ्यावी. संचाबरोबर येणारे हातोडे मी अजून पेटीतून बाहेर काढलेले नाहीत.