पाटीला यात्रा, लेबलला रोझा: जुन्या वळणाचे दोन जाड फॉन्ट

खानावळीची पाटी, निवास-न्याहारीचा बोर्ड, कोकम सरबताची बाटली, हापूसची पेटी. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सध्या सगळ्यांनाच नाव ‘जुन्या वळणाचं’ हवं असतं. फुकट मिळणारे आणि धंद्यासाठीही बिनदिक्कत वापरता येणारे दोन जाड फॉन्ट त्यासाठी हाताशी आहेत: रोझा वन आणि यात्रा वन. दोन्हींत देवनागरी आहे, इंग्रजीही आहे. जाडी मात्र एकेकच मिळते.

रोझा इंडियन टाइप फाउंड्रीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ नावाचे टाइप निघाले, त्यांचा बाज याला आहे. ‘कोकम’ मोठ्या आकारात लावून बघा. अक्षराचे जाड भाग काळेभोर भरलेले आणि त्यांना सांधणाऱ्या रेषा केसाएवढ्या. इंग्रजी अक्षरांना तशाच बारीक, सरळ सेरिफ, म्हणजे टोकांना काढलेल्या छोट्या रेघा. चांगल्या ऑफसेट छपाईच्या लेबलवर हे नाव विलक्षण देखणं दिसतं. तो रुबाब यात्राला नाही.

पण याच बारीक रेषा पुढे त्रास देतात. पुठ्ठ्याच्या पेटीवर छपाई बहुतेकदा फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक ठशांनी होते. तिथे शाई थोडी पसरतेच, त्यामुळे अक्षरातल्या लहान मोकळ्या जागा बुजतात. गडद रंगावर पांढरं नाव काढलंत तर उलट बारीक रेषाच शाईखाली गडप होतात. व्हिनाइल कापून केलेल्या पाटीवर तर या रेषा म्हणजे नुसत्या दोऱ्या. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आधी त्यांनाच उचकटणार.

यात्रा कॅथरीन लेआल यांचा. मुंबई लोकलच्या स्थानकांवर हाताने रंगवलेल्या पाट्या असत, त्यांवरून तो सुचला. काटेकोर बोलायचं तर हा सेरिफ नव्हे. पण देवनागरीत जुनेपणा सेरिफमुळे येतच नाही. तो बोरूच्या आणि ब्रशच्या तिरक्या कापातून येतो, आणि तो काप इथे प्रत्येक टोकाला दिसतो. मला सर्वांत आवडतं ते याचं इंग्रजी. तेही देवनागरीच्याच कोनात रेखलंय, त्यामुळे मराठी नाव आणि खालची इंग्रजी ओळ एकाच पेंटरच्या हातची वाटते. रेषा कुठेच फार बारीक होत नाही, म्हणून महामार्गावरून जाणाऱ्या गाडीतूनही नाव वाचता येतं. जांभ्याच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं असेल तर दुसरा विचारच नको.

काहीजण इंग्रजी ओळीसाठी 1922 सालचा कूपर ब्लॅक मागतात. गोलसर, प्रेमळ टाइप आहे, पण त्यात देवनागरी नाही आणि यात्राशेजारी तो परका दिसतो.

तेव्हा पाटी आणि पेटी यात्रात करा. रोझा बाटलीवरच्या नावापुरता ठेवा. पत्ता, घटक, किंमत त्यात मुळीच लावू नका. ठरवण्याआधी ‘किनाऱ्यावरली शहाळी’ टाइप करून पाहा: ऱ्य नीट जुळतोय का, ल आणि श मराठी वळणाचे येतायत का. प्रेसमध्ये जुनं कोरलड्रॉ असेल तर युनिकोड जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. त्यामुळे फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टवर न विसंबणारे नुसते आकार, करून द्या, आणि सोबत नाव जसं दिसायला हवं तशी पीडीएफही.