नाथसागराच्या काठी दीड वर्ष: राहून पाहिलेल्याचा अनुभव

मे २०२४ मध्ये टेम्पोतून सामान उतरवलं, तेव्हा दलालाने फोटोत दाखवलेलं पाणी जागेवर नव्हतं. फोटोत गच्चीसमोर निळंशार पसरलेलं. प्रत्यक्षात भेगाळलेला गाळ, त्यावर चरणाऱ्या म्हशी आणि पार लांब एक चकाकती रेघ. दलालाला फोन केला तर म्हणाला, "सर, ऑक्टोबरात बघा ना मग." खोटं बोलला नव्हता बिचारा. फोटो ऑक्टोबरातलाच होता.

आम्ही छत्रपती संभाजीनगरातून इथे आलो. इथे म्हणजे पैठण गावातही नाही, जायकवाडीच्या वरच्या अंगाला निघालेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये. मी एमआयडीसीत कामाला, बायको घरीच शिवणकाम करते, मुलगी तिसरीत. ओळखीतला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "तिकडं प्लॉट घ्यावा का? मस्त समुद्रासारखं दिसतं म्हणे." दिसतं, पण रोज नाही.

ही गोष्ट इथे राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. जायकवाडीचं धरण लांबीला जवळपास दहा किलोमीटर, पण जमीन सपाट, त्यामुळे पाणी खोल कमी आणि पसरट जास्त. पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर गेली की धरण भरलं. तिथून थोडी जरी उतरली तरी काठ शेताएवढा मागे सरकतो. आमच्या गच्चीवरून पाणी कधी पाच मिनिटांवर असतं, कधी चालून दमायला होतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेरा करतात, हरभरा नाहीतर काकडी लावतात. आपण ‘लेक व्ह्यू’चं भाडं भरतो आणि खिडकीतून काकडीचा वेल बघतो. काकडी मात्र फार गोड.

शेजारच्या मावशींचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं तेव्हा त्या आम्हाला चालत घेऊन गेल्या. एका जोत्याचे चार-पाच दगड आणि गाळाने भरलेला विहिरीचा काठ. चप्पल काढून दगडावर उभ्या राहिल्या. "हितं आमची चूल," म्हणाल्या, आणि मुलीला म्हणाल्या, "चप्पल काढ गं, घरात आलीस तू." सगळं पैठण ‘नाथसागर’ म्हणतं. मावशी ‘धरण’ म्हणतात, दुसरा शब्द नाही.

आता सगळ्यात मोठी तक्रार. समोर एवढं पाणी, आणि आमच्या प्लॉटिंगला नळ चौथ्या-पाचव्या दिवशी, तोही दाब असला तर. बोअर आहे, पण पाण्याला इतके क्षार की वर्षभरात गिझरची कॉइल दोनदा बदलली आणि स्टीलच्या बादलीला आतून पांढरं अस्तर चढलं. प्यायला जार. मधून मधून टँकर. शहरातून पाण्याला कंटाळून आलो होतो, तर शहराचं पाणीही इथूनच जातं. उगमापाशी येऊन बसलो आणि ड्रम तेवढेच लागले. नाथषष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते. श्रीखंड्याच्या रूपात देवाने नाथांच्या घरी पाणी भरलं, त्याची ती आठवण. गावातल्या बाया गोदावरीचं पाणी आणून घागरी ओततात. हीपण एक घागर ओतून आली. घरी येऊन टँकरवाल्याला फोन लावला.

षष्ठीचे तीन दिवस गावात गाडी नेऊ नका, एवढंच सांगतो. राज्यभरातून दिंड्या येतात. काल्याच्या दिवशी मी स्टँडपासून चालत आलो, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

पावसाळ्यात इथली बोली बदलते. चहाच्या टपरीवर "काय चाललंय" असं कोणी विचारत नाही, "किती टक्के?" असं विचारतात, म्हणजे धरण किती भरलं. आणि ढग बघायचे ते आपल्या डोक्यावरचे नाही, नाशिकचे. आपल्याकडे ऊन तापलेलं असतं आणि टपरीवर बातमी येते, "दारणातून सोडू राहिले, गंगापूरचंबी सोडलं." मग खालच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून किती सोडलं त्याचा आकडा, मग दोन-तीन दिवसांत गढूळ पाण्याची जीभ आमच्या गाळापर्यंत. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटपाचं सूत्र टपरीवाल्या पोराला तोंडपाठ आहे. मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी जन्मापासून हेच पाणी पितोय.

सप्टेंबर २०२४ ला धरण भरलं, दरवाजे उघडले. एकूण सत्तावीस. आम्ही सगळे बघायला गेलो, कणसं खाल्ली, तुषारांनी भिजलो. २०२५ ला जुलैअखेरीसच पाणी सोडायला सुरुवात झाली, तेव्हा पुन्हा तीच हौस. पण त्या वर्षीचा सप्टेंबर संपता संपता विसर्ग इतका वाढवला की खाली गोदाकाठची घरं रिकामी करायला लागली. २००६ च्या पुराची आठवण काढत लोकांनी भांडी-कपडे बांधले. हिच्याकडे ब्लाउज टाकणारी एक बाई दोन लेकरं आणि शिलाई मशीन घेऊन आमच्याकडे तीन रात्री राहिली. धरणाच्या वर राहणारे आम्ही कोरडे होतो, गच्चीवरून तुडुंब पाणी बघत होतो. खालच्या अंगाला जागा बघणाऱ्यांनी आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारावं, २००६ ला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

चिलटांविषयी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. संध्याकाळी ट्यूब लावली की दहा मिनिटांत भिंत काळी. चावत नाहीत, पण वरणात पडतात. सकाळी केरसुणीने सुपलीभर निघतात. आम्ही सातला पुढच्या खोलीतले दिवे घालवतो आणि मागच्या खोलीत जेवतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं.

मासे मात्र असे शहरात मिळाले नव्हते. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. थर्माकोलच्या तराफ्यावर जाणारे एक कहार मामा सकाळी दारात थांबतात. पाण्यावर तरंगते सौर पॅनेल टाकायच्या प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, २०२५ मध्ये ती फेटाळली. मामा त्यावर फार बोलत नाहीत. "जाळं कुठं टाकायचं ते सांगा म्हणावं," एवढंच.

पक्ष्यांसाठी हिवाळ्यात लांबून लोक येतात, हे १९८६ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे काठाजवळ प्लॉट घ्यायचा असेल तर अभयारण्याची हद्द आणि तिच्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र कुठवर येतं ते आधी वनखात्यात विचारा, दलालाच्या नकाशावर जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाचे पैसे त्यातच अडकलेत. रोहित पक्षी आम्ही गच्चीवरून नाही, काठावर जाऊन बघितले, तेही पाणी उतरल्यावर उथळात. म्हणजे ज्या महिन्यांत मी पाणी गेलं म्हणून कुरकुरत होतो, ते त्यांचे सुगीचे दिवस.

विकत घ्यायचं का? मी अजून घेतलेलं नाही. मार्चमध्ये दुसरा अकरा महिन्यांचा करार संपतोय आणि घरमालकाने पाचशे वाढवून मागितलेत. मी हिला म्हटलं, विचार करू. तिने काल खिडक्यांची मापं घेतली आणि चिलटांसाठी बारीक जाळीचे पडदे शिवायला घेतलेत.